ओ निगेटिव्ह गाव

मार्चचा पहिला शनिवार. सकाळची शाळा सुटल्यावर, मुख्याध्यापकांच्या खोलीत.

हजर: मुख्याध्यापक. शाळा समितीचे अध्यक्ष, ज्यांना सगळा गाव आप्पा म्हणतो. नववीतल्या एका मुलीचे वडील. त्या मुलीचे चुलते. विज्ञानाचे सर. आणि मी, पर्यवेक्षिका, इतिवृत्त लिहायला.

गैरहजर: मुलीची आई. सगळी बैठक तिच्याबद्दल होती आणि तिला बोलावलंच नव्हतं. मी तसं इतिवृत्तात लिहिलं होतं. मुख्याध्यापकांनी ते वाक्य काढायला लावलं. म्हणून इथे तेच आधी लिहिते.

त्या शनिवारला आता वर्ष होत आलं. सर आमच्या शाळेत नाहीत. त्यांच्याबद्दल गावात दोन प्रकारे बोलतात. काही म्हणतात, डोक्यावर परिणाम झालेला माणूस होता. काही म्हणतात, माणूस चांगला पण त्याला कुठे काय बोलावं कळत नव्हतं. दोन्ही ऐकून माझं डोकं फिरतं. त्यांच्याबरोबर मी काम केलं आहे, त्यांच्यावर चिडण्याचा अधिकार माझा आहे. बाकीच्यांनी तो वापरू नये.

चिडायला कारणं भरपूर होती. सरांच्या खिशात पेन कधीच नसायचं, ड्रॉपर असायचा, आणि तो गळायचा. त्यामुळे शर्टाचा खिसा कायम ओला. गळ्यात काळ्या दोऱ्यात बांधलेलं भिंग. बंधाऱ्यावरून येताना लोणच्याच्या बरणीत हिरवट पाणी भरून आणायचे आणि ती बरणी जिथे रिकामी जागा दिसेल तिथे ठेवायचे. रिकामी जागा बहुतेक वेळा माझ्या टेबलावर असायची, कारण शाळेत टेबल आवरून ठेवणारी मी एकटी. प्रयोगशाळेचं डेडस्टॉक रजिस्टर त्यांनी कधी वेळेत भरलं नाही. फुटलेल्या काचपट्ट्यांचा हिशेब विचारला तर म्हणायचे, "बाई, फुटल्या म्हणजे वापरल्या." दुसऱ्या शाळांतल्या काचपट्ट्या वर्षानुवर्षं खोक्यात नव्या कोऱ्या असतात, याचं त्यांना खरोखर वाईट वाटायचं.

एकदा आठवडी बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी स्टाफरूमच्या फ्रीजमधून माझा म्हणून स्टीलचा डबा काढला आणि उघडला. आत बोकडाचं हृदय. मी काय बोलले ते लिहीत नाही. सर शांतपणे म्हणाले, "तुमचा डबा खालच्या कप्प्यात आहे, बाई. हा दहावीचा आहे."

त्या तासाला मी मुद्दाम वर्गाच्या मागे जाऊन बसले, तक्रार लिहायची म्हणून. सरांनी पांढऱ्या ट्रेमध्ये ते हृदय ठेवलं, एका नळीतून पाणी ओतलं आणि मुलांना विचारलं, पाणी परत का येत नाही. पुस्तकात उत्तर आहे, झडपा. तीनचार जणांनी ते म्हणूनही दाखवलं. सर म्हणाले, "दाखव." हा त्यांचा शब्द. मुलं पाठीमागे त्यांना 'दाखवा सर'च म्हणायची. शेवटी सगळ्या वर्गाने रांगेने येऊन त्यात बोट घातलं आणि झडपेचा तो पातळ पडदा बोटाला लागला की प्रत्येकाचा चेहरा बदलायचा. ज्यांच्या घरात अंडंही शिजत नाही अशा मुलींनीही बोट घातलं. दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकीची आई भांडायला आली. सर तिला म्हणाले, "ताई, तुमच्याही छातीत हेच आहे." ती उठून गेली. तिची समजूत काढायला तिच्या घरी कोण गेलं असेल? मी.

मूळचे ते राहुरीकडचे, उसाच्या पट्ट्यातले. आमच्या कर्जत तालुक्यात आल्यावर त्यांना इथल्या कोरड्या माळाचंच जास्त प्रेम वाटू लागलं. एरवी बोलायचे पुस्तकी मराठीत. संतापले की मात्र घरची बोली बाहेर यायची. त्यामुळे ते कधी खरे संतापलेत हे मला लगेच कळायचं. ते क्वचितच संतापत.

परीक्षेत ते चित्रांना शून्य द्यायचे. आमच्याकडे कांद्याला तोटा नाही, त्यामुळे कांद्याच्या पापुद्र्याचा प्रयोग प्रत्येक मूल घरचा कांदा आणून करायचं. मुलं सूक्ष्मदर्शकातून बघायची आणि मग पुस्तकातलं चित्र वहीत उतरवायची, विटांच्या भिंतीसारखं, पट्टीने आखलेलं. सर त्याला शून्य द्यायचे. "हे तू बघितलेलं नाहीस." एका मुलीने मात्र काळ्या कडांची गोल गोल वर्तुळं काढली. पापुद्र्यात अडकलेले हवेचे बुडबुडे होते ते, पेशी नव्हेतच. सरांनी तिला पूर्ण गुण दिले आणि खाली लिहिलं, "बुडबुडे आहेत. नीट पाहिलेस. आता पेशी शोध." मी म्हटलं, सर, बोर्डाचा परीक्षक बुडबुड्यांना गुण देणार नाही, निकालाचा जाब मला विचारतात. ते म्हणाले, "बोर्डाला दोन वर्षं आहेत, बाई. तोवर ही पेशी शोधेल."

हीच ती मुलगी, जिच्या वडिलांना आणि चुलत्यांना त्या शनिवारी बोलावलं होतं.

आता रक्तगटाचं सांगते. फेब्रुवारीत एका नेत्याचा वाढदिवस होता. त्यानिमित्त आठवी-नववीच्या सगळ्या मुलांची मोफत रक्तगट तपासणी आणि मोफत आयकार्ड. कार्डाच्या पुढे मुलाचा फोटो, त्याखाली लाल मोठ्या अक्षरात रक्तगट, मागे हात जोडलेले नेते. मुलांच्या रांगा हजेरी क्रमांकाप्रमाणे मी लावल्या होत्या. तपासणीचे द्रव थर्माकोलच्या पेटीत बर्फात आले. पाहुणे यायला उशीर होता, ऊन चढलं होतं. कार्यकर्त्यांनी पेटीतल्या त्या छोट्या बाटल्या काढून मांडवाबाहेरच्या टेबलावर ठेवल्या आणि पेटीत पाहुण्यांसाठी थंड पाण्याच्या बाटल्या घातल्या. पाहुणे येऊन, हार होऊन, भाषणं होऊन तपासणी सुरू होईपर्यंत त्या छोट्या बाटल्या उन्हात होत्या. शिवाय त्या आधीच्या गावांतल्या शिबिरांतून उरलेल्या, जीपमध्ये पडून राहिलेल्या होत्या, असं जीपच्या ड्रायव्हरनेच सरांना सांगितलं.

सरांनी तिथल्या पांढऱ्या कोटातल्या तरुणाला टोकलं. तो म्हणाला, आम्ही हे रोज करतो, सर. मुख्याध्यापकांना सांगितलं. ते म्हणाले, पाहुणे बसलेत, नंतर बघू. मग सर माझ्या रांगेजवळ येऊन उभे राहिले आणि जे दिसत होतं ते मला समजावू लागले, मी विचारलं नसताना. काचेवर तीन ठिकाणी रक्ताचा थेंब टाकतात, प्रत्येकावर वेगळा द्रव. जिथे रक्त दुधासारखं फाटतं तिथे तो घटक आहे असं समजायचं. फाटायला वेळ द्यावा लागतो, काडीने ढवळावं लागतं, काच हलवावी लागते. तो तरुण थेंब टाकत होता, बघत होता, सांगत होता, पुढचा. "आणि बाई, द्रवच मेलेला असेल तर काहीच फाटत नाही. कशातच फाटलं नाही तर काय लिहितात? ओ निगेटिव्ह. मेलेला द्रव सगळ्यांना ओ निगेटिव्ह म्हणतो."

मी म्हटलं, सर, रांग मोडतेय, बाजूला व्हा. रांग खरंच मोडत होती.

कार्डं छापून आली त्याच आठवड्यात सर नववीला आनुवंशिकता शिकवत होते. तेही त्यांच्या पद्धतीने. दोन वाट्या, एक आईची, एक वडिलांची. ए गटासाठी हरभरा, बी गटासाठी वाटाणा, आणि ओ असेल तर काहीच नाही, रिकामी मूठ. प्रत्येकाने दोन्ही वाट्यांतून एकेक उचलायचं. वडील एबी असतील तर त्यांच्या वाटीत एक हरभरा आणि एक वाटाणा. काहीही उचला, हातात काहीतरी येणारच. म्हणून एबी गटाच्या माणसाला ओ गटाचं मूल होत नाही. मुलांना हा खेळ फार आवडला. त्या मुलीने वहीत वाटी काढली, आत दोन दाणे काढले.

तिचे वडील एबी. दरवर्षी रक्तदान करतात, त्याची प्रमाणपत्रं घरात भिंतीवर लावलेली आहेत. तिच्या गळ्यातल्या कार्डावर ओ निगेटिव्ह. ती वर्गात काही बोलली नाही. जेवताना घरी म्हणाली. तिला वाटलं, गंमत आहे. चुलत्यांना ती गंमत वाटली नाही. चुलते डी.एड. झालेले, नोकरी नसलेले, घरात सगळ्यांत शिकलेले म्हणून शब्दाला वजन असलेले. त्यांनी दुसऱ्या दिवशी सरांना चौकात गाठलं आणि विचारलं, एबी बापाला ओ मूल होतच नाही का. सर म्हणाले, नाही, आणि रस्त्यात उभ्याउभ्या त्यांना सगळं सविस्तर सांगितलं. हा माणूस हे का विचारतोय, हे त्यांनी विचारलं नाही. कुणीही प्रश्न विचारला की त्यांना आनंद व्हायचा आणि त्या आनंदात समोरच्याचा चेहरा दिसायचा नाही. भिंग लावून बघणाऱ्या माणसाला एवढं दिसू नये, याचा मला आजही राग आहे.

आठवड्याच्या आत मुलीची आई माहेरी गेली. गेली म्हणजे पाठवली. मुलगी शाळेत येत होती, बाकावर बसत होती, आणि वही उघडत नव्हती.

तर तो शनिवार. बोलत होते चुलते. वडील मान खाली घालून बसले होते, जणू त्यांच्यावरच खटला होता. चुलत्यांचं म्हणणं सोपं होतं: सरांनी शिकवलं ते खरं की खोटं, एवढंच शाळेने सांगावं. मुख्याध्यापकांनाही सोपं उत्तर हवं होतं. ते सरांना म्हणाले, असे अपवाद असतात, कधी कधी होतं असं, एवढं म्हणा, घर वाचेल. आप्पा म्हणाले, "एक वाक्य बोला आन् मोकळे व्हा, सर. शास्त्राचं काय बिघडतंय."

आप्पांचा आणि सरांचा इतिहास होता. सव्वीस जानेवारीला आप्पा भाषणात म्हणाले होते की कॅनॉलचं पाणी आलं की आपल्या गवताच्या रानात ऊस डोलेल. मागच्या खुर्चीवरून सर सहज बोलले, "ऊसही गवतच आहे, आप्पा." शेजारचा माईक चालू होता. मुलं हसली. आप्पाही हसले, पण ते हसू कसलं होतं ते मी ओळखलं होतं.

मला त्या क्षणी वाटत होतं, बोला ना ते वाक्य. आणि मला नंतर कळलं, ते वाक्य पूर्ण खोटंही नव्हतं. फार विरळा असे अपवाद असतात, सरांनीच मला सांगितलं. ते बोलले असते तर त्याच दुपारी मिटलं असतं. मुलीची आई घरी आली असती, एक अपवाद म्हणून, आणि जन्मभर अपवाद म्हणूनच राहिली असती. हे मला तेव्हा सुचलं नाही. त्यांना सुचलं होतं.

सर म्हणाले, "मी शिकवलं ते बरोबर हाय. वहिनींचं बी बरोबर हाय. म्हंजी कार्ड चूक हाय."

बोली ऐकून मी पेन खाली ठेवलं.

चुलते म्हणाले, "कार्ड मशीनवर छापलंय, सर."

"छापलंय मशीननं. बघितलंय मानसानं."

"आन् वहिनीचं बरोबर कशावरून?"

सर उठले आणि बाहेर गेले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे बघून हात हलवला, म्हणजे गेले, सुटलो. सर परत आले ते हातात तो पांढरा ट्रे घेऊन. त्यात आदल्या दिवशी वर्गाकडून जमा केलेली नववीची सगळी कार्डं होती. त्यांनी ट्रे टेबलावर ठेवला, मुलीच्या वडिलांसमोर, आणि म्हणाले, वाचा.

वडिलांनी एक कार्ड उचललं. ओ निगेटिव्ह. दुसरं. ओ निगेटिव्ह. ते मोठ्याने वाचत होते. त्या बैठकीत त्यांचा आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो असा. मध्येच एखादं वेगळं यायचं, एखादं ए, एखादं बी, आणि मग पुन्हा ओळीने तेच. सर म्हणाले, हा गट फार थोड्यांचा असतो. मोठ्या गावात शोधून सापडत नाही म्हणून लोक नगरपर्यंत धावतात. आपल्याकडे एका वर्गात एवढे. मग त्यांनी ट्रेमधलं एक कार्ड उचलून आप्पांपुढे धरलं.

"एवढ्या निगेटिव्ह मानसांचं गाव कुठंच न्हाई. ह्यो तुमचा नातू, आप्पा. बघा. आता कुनाकुनाच्या आयांना म्हायेरी पाठवायचं, ते बसून ठरवा."

आप्पा हसले नाहीत. चुलते मोबाईल बघू लागले. वडील उठले, मुलीचं कार्ड घेतलं, कुणाचाही निरोप न घेता गेले. त्याच दुपारी त्यांनी मुलीला मोटरसायकलवर कर्जतला लॅबमध्ये नेलं. बी पॉझिटिव्ह. वडिलांच्या वाटीतला तो वाटाणा. तिथून ते मुलीला घेऊन तसेच सासुरवाडीला गेले. मुलीची आई मात्र लगेच आली नाही. ज्याने विचारलं त्याने येऊन न्यावं, असा तिचा निरोप होता. चुलते गेले नाहीत. ती शेवटी मुलीच्या वार्षिक परीक्षेच्या आधी स्वतःच आली, आणि त्या घरात चुलत्यांचं ताट तेव्हापासून ती वाढत नाही असं ऐकते. चांगलं करते.

इथे विषय संपायला हवा होता, निदान शाळेपुरता. एक कार्ड चूक निघालं म्हणजे सगळी तपासायची. हे समजायला विज्ञान लागत नाही, माझ्यासारखी मराठीची बाई पुरेशी आहे. सोमवारी मी वर्गवार याद्या घेऊन मुख्याध्यापकांकडे गेले. ते म्हणाले, रक्त द्यायची वेळ आली तर दवाखान्यात पुन्हा तपासतातच, काही बिघडत नाही. सर माझ्या मागे उभे होते. ते म्हणाले, "मग कार्डावर लिहिता कशाला?"

दवाखान्यात तपासतील हे खरं आहे. पण तोवर घरचे लोक ओ निगेटिव्ह शोधत नगरच्या रस्त्यांवर फिरत असतील, हेही खरं आहे. आणि दवाखाना घरातल्या चुलत्यांना तपासत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सर फाटकात उभे होते. एका हातात कात्री, पायाशी पाण्याची बादली, रिकामी. येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या गळ्यातली फीत कापायची आणि कार्ड बादलीत टाकायचं. मुलांना मजा वाटत होती, ती रांगेत उभी राहून माना पुढे करत होती. मी धावत गेले. म्हटलं, सर, हे काम असं करायचं नसतं, याला पद्धत असते, मी करत होते. ते म्हणाले, "तुमची पद्धत चालू द्या, बाई. तोवर ही गळ्यात नकोत." बादलीत कार्डं उलटी पडली होती, सगळीकडून नेत्याचे जोडलेले हात. कुणीतरी मोबाईलवर फोटो काढला. दुपारपर्यंत तो गावातल्या प्रत्येक ग्रुपवर होता. खाली मजकूर: शिक्षकाकडून नेत्याचा अपमान. रक्तगटाचं एक अक्षर नाही.

वार्षिकचे पेपर तपासून व्हायच्या आत बदलीचा आदेश आला. संस्थेची एक शाखा आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्याच्या डोंगरात आहे, तिथे. निरोप समारंभ झाला नाही. सर भिंग गळ्यात घालून एसटीत बसले आणि खिडकीतून मला म्हणाले, बरण्या बंधाऱ्यात रिकाम्या करा, बेसिनमध्ये ओतू नका, त्यात जिवंत आहेत. मी एकेक बरणी बंधाऱ्यावर नेऊन ओतली. प्रत्येक खेपेला त्यांना मनात शिव्या देत.

जूनमध्ये नवी कार्डं आली. छापखान्याकडे जुनीच माहिती होती, त्यांनी तीच छापली. फोटो तेच, रक्तगट तेच. फीत तेवढी चांगल्या प्रतीची. मी मुख्याध्यापकांच्या टेबलावर ते कार्ड आपटलं. आवाज झाला, बाकी काही झालं नाही.

सरांना मी अधूनमधून फोन करते. ते तिकडच्या भिंतींवर उगवणाऱ्या नेच्यांबद्दल, म्हणजे फर्नबद्दल, बोलतात, पानाच्या पाठीवर ओळीने कसे ठिपके असतात ते सांगतात, आणि फोन ठेवताना विचारतात, तपासणी झाली का. मी म्हणते, सर, तुम्ही कात्री घेऊन फाटकात उभे राहिला नसतात तर झाली असती. ते म्हणतात, असेल. पुढच्या फोनला पुन्हा विचारतात.

त्या वेळी आठवीत असलेली मुलं आता नववीत आहेत. ती त्याच रांगेत उभी होती, त्याच बाटल्यांतल्या थेंबांसाठी. नव्या विज्ञानाच्या मॅडम तरुण आहेत, पहिलीच नोकरी. काल त्या मला विचारत होत्या की आनुवंशिकतेचा धडा आला आहे, पण मुख्याध्यापक म्हणतात रक्तगटाचा भाग वगळा, परीक्षेला विचारत नाहीत. वर्षभरात शाळेने काढलेला हा एकमेव मार्ग: कार्डं तशीच राहू द्यायची, शिकवणं बंद करायचं. मी त्यांना सांगितलं, शिकवा. त्या म्हणाल्या, आणि कुणाच्या घरी काही झालं तर? त्यांना भीती वाटणं बरोबर आहे. मला त्यांचा राग आला नाही. राग ज्यांचा यायचा त्यांचा आला.

आजची स्थिती अशी. ग्रामीण रुग्णालयातले तंत्रज्ञ यायला तयार आहेत, ताजे द्रव घेऊन. नववीच्या दोन्ही तुकड्यांच्या याद्या तयार आहेत. पालकांच्या संमतीची पत्रं मी स्वतः टाईप करून मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आहेत. त्यावर शाळेची सही लागते. दिवाळीनंतर पहिल्यांदा विचारलं तेव्हा ते म्हणाले, करतो. काल विचारलं तेव्हाही म्हणाले, करतो.

धडा सोमवारी पहिल्या तासाला सुरू होतो. सही झालेली नाही.